उरलेली लस

दत्तात्रेयाला कुठलीही गोष्ट टाकून द्यायचं फार जिवावर येतं. दोरीचा वीतभर तुकडा दिसला तरी खिशात जातो, चहाचा चोथा मिरचीच्या झाडाला जातो, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने न शिवलेला लाडू हा माणूस कागदात बांधून घरी आणतो. चंद्रावती, म्हणजे त्याची बायको, यावरून त्याला चारचौघांत यथेच्छ बोलते. याचं मूळ मिठागरात आहे. पेणच्या खाडीकाठी त्याच्या बापाने जन्मभर मीठ ओढलं. तिथे चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्याचा हंडा बांधाबांधाने दीड कोसावरून डोक्यावर यायचा. लहानपणी दत्तूच्या हातून एकदा तांब्या कलंडला. बापाने मारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो स्वतः पाणी प्यायला नाही, एवढंच.

मिठागर बंद पडल्यावर दत्तात्रेय एका कोंबड्यांच्या कंपनीत लस देणारा म्हणून लागला. आता त्याला त्रेपन्नावं चालू आहे. मोटारसायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधून तो पेणहून निघतो आणि कोलाड, खांब करत रोह्याच्या बाजूची सगळी शेडं पालथी घालतो. लोक त्याला डॉक्टर म्हणतात, आणि तोही कधी कोणाला अडवत नाही.

अंड्यांच्या कोंबड्यांना नरड्याच्या एका रोगावरची लस तो देतो. बाटलीतली पूड निळ्या पाण्यात मिसळायची आणि प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब सोडायचा. थोड्या वेळाने कोंबडीची जीभ निळी दिसली की थेंब लागला असं समजायचं. या लशीची गंमत अशी की ती जिवंत असते. आतला विषाणू मेलेला नसतो, नुसता नरम केलेला असतो. म्हणून बाटली फोडली की दोन तासांत संपवायची, आणि उरली तर उकळत्या पाण्यात घालून मारायची. दुसरा नियम त्याहून कडक. द्यायची तर जागेवरच्या सगळ्या कोंबड्यांना द्यायची, नाहीतर एकीलाही नाही. चारदोघींना दिली तर त्यांच्याकडून तो विषाणू न दिलेल्या कोंबड्यांत जातो, आणि एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाताना त्याचा नरमपणा उतरतो. हे दत्तात्रेय गेली अकरा वर्षं प्रत्येक शेडवाल्याला बोट वर करून सांगत आला आहे.

आणि तरी त्याने ते केलं.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. खांबजवळच्या एका शेडात सकाळपासून लस चालली होती. कोंबड्या धरून द्यायला ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतल्या बाया येतात. त्यांत भागी सगळ्यांत चपळ, एका हातात तीन-तीन कोंबड्या धरणारी. काम संपलं तेव्हा शेवटच्या बाटलीत दोनशे कोंबड्यांपुरतं निळं पाणी उरलं होतं. दत्तात्रेयाने शेगडीवर पातेलं ठेवायला सांगितलं, पण बाटली काही हातातून सुटेना.

"दादा, ते टाकनार?" भागीने विचारलं.

"टाकायचं नाय. उकळायचं."

"म्हंजे टाकायचंच की. माज्या कोंबड्यांना घाल ना. गेल्या साली मानमोडीनं निम्म्या नेल्या."

त्याने बाटली उन्हात धरून पाहिली. कंपनीचा माल बाहेर दिला हे कळलं तर नोकरी जाईल, हे त्याला ठाऊक होतं. नियम तर तोंडपाठच होता. पण निळं पाणी बाटलीत हलत होतं आणि समोर बाई मागत होती. त्याला नाही म्हणता आलं नाही. आपण दयाळू आहोत असं त्याला त्या क्षणी वाटलंही, आणि आता तेच आठवून त्याला स्वतःची सर्वांत जास्त चीड येते.

बावीस घरांच्या वाडीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. माणसं कामावर गेलेली, कोंबड्या बांबूच्या बेटात पांगलेल्या. भागीच्या अकरा तेवढ्या डालग्याखाली झाकलेल्या होत्या, कारण मुंगसाची भीती. दत्तात्रेयाने अकरा थेंब टाकले. "बाकीच्यांना सांजच्याला घालतो," असं तो म्हणाला. दोन तासांत लस मरते आणि संध्याकाळी आपण पेणला असणार, या दोन्ही त्याला पक्क्या माहीत असलेल्या गोष्टी. तरी तो तसं म्हणाला, आणि उरलेलं पाणी चुलीवर उकळून मोटारसायकलला किक मारून निघाला.

भागीच्या भिंतीला भिंत लागून हौसाचं घर. हौसा आणि तिचा नवरा काळू दोघंच राहतात. राणी, त्यांची लेक, लग्न होऊन गागोद्याकडे गेलेली. हौसाची वाडीत एक वेगळीच पत होती. अंडी उबवायची ती तिच्याच घरी. कोणाकडे अंडी साठली की बायका ती हौसाकडे आणून देत, ती आपल्या खुडूक कोंबडीखाली मांडे, आणि पिल्लं निघाली की निम्मी हिची, निम्मी तिची. हौसाच्या हाताला यश आहे असं सगळ्या म्हणत. इतर घरांत दहातली सहा फुटली तर हौसाकडे नऊ फुटायची. वाडीतली बहुतेक कोंबडी ही अशी तिच्या हाताखालून गेलेली होती.

राणीला मुलगा झाला होता आणि हौसाने देवाला कोंबडा कबूल केला होता. तो तिने कोलाडहून आणला, दत्तात्रेय थेंब टाकून गेला त्याच्या चौथ्या दिवशी. पुढे आठवडाभराने हौसाच्या कोंबड्या माना वर ताणून, चोची उघडून घरघरायला लागल्या. मग पलीकडच्या घरातल्या, मग त्याच्या पलीकडच्या. भागीच्या अकराच्या अकरा मात्र खुशाल उकिरडा उकरत होत्या. भागीने दत्तात्रेयाला फोन केला.

तो आला तेव्हा वाडीतली माणसं कृष्णाच्या ओट्यावर जमली होती. कृष्णा हा वाडीतला वडीलधारा, त्याच्या शब्दाला मान. दत्तात्रेय आधी हौसाच्या पडवीत गेला. शेणाने सारवलेल्या कुडावर, कोंबडीच्या मानेच्या उंचीवर, रक्ताचे बारीक शिंतोडे होते. मानमोडीत असं रक्त खोकत नाहीत. कोंबडी असं रक्त खोकते ती एकाच रोगात, आणि त्या रोगाची लस त्याच्या पेटीत होती. ते अकरा थेंब त्याला तिथल्या तिथे आठवले. मागून नाही, घरी जाऊन विचार केल्यावर नाही, त्या कुडासमोर उभा असतानाच.

ओट्यावर कृष्णाने विचारलं, "डाक्टर, ह्ये कुटून आलं?"

तेव्हा खरं सांगायला चार वाक्यं लागली असती. दत्तात्रेय म्हणाला, "भायेरची कोंबडी तपासल्याबिगर आनू नये."

यात खोटं काही नाही. कंपनीच्या भिंतीवर हेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. पण सगळ्यांच्या माना हौसाकडे वळल्या. त्या वळलेल्या त्याने पाहिल्या आणि तो मूग गिळून बसला.

"मंग हौसाच्या मारून टाकाव्या?" कृष्णाने विचारलं.

"मारलेल्या बऱ्या," दत्तात्रेय म्हणाला. "पुढं पसरायचं नाय."

हौसा उठून आपल्या घरी गेली. काळू तिच्या मागे निघाला, तर तिने त्याला हाताने थांबवलं. कोणीतरी दत्तात्रेयाला चहा आणून दिला. तिच्या घराच्या मागून पंख फडफडल्याचे आवाज येत राहिले, मध्येच थांबत आणि पुन्हा येत. दत्तात्रेयाने चहा संपवला. मग त्याने मेलेल्यांपैकी एका कोंबडीचं आणि त्या कोलाडच्या कोंबड्याचं नरडं कापून बर्फात ठेवलं, कारण त्याची भाची नमिता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत याच रोगावर पीएचडी करते आणि कुठे घरघर लागली तर नमुना पाठव म्हणून मामाच्या मागे लागलेली असते. सोबत फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, कळपाला पूर्वी लस दिली होती का. दत्तात्रेयाने लिहिलं, नाही.

हौसाच्या कोंबड्या मारून काही थांबलं नाही. थांबणार नाही हेही त्याला ठाऊक होतं, कारण विषाणू तोवर दहा घरांत पोचला होता. दिवाळीपर्यंत वाडीतल्या शंभरेक कोंबड्या गेल्या. हौसाशी कोणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. बायकांनी फक्त तिच्याकडे अंडी न्यायचं बंद केलं. कामाला जाताना तिला हाक मारायच्या, पण एखादीच्या दारात नवी पिल्लं असली तर हौसा येताना दिसली की ती पिल्लं डालग्याखाली झाकायची.

दत्तात्रेय खांबच्या शेडाला जायचा तो हल्ली वाडीची वाट सोडून लांबच्या रस्त्याने. घरी रविवारी चंद्रावतीने कोंबडीचं कालवण केलं की तो आमटीभात मागायचा. तिने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा, "कोंबड्यांनी तुला वाळीत टाकलंय का?" असं विचारून ती स्वतःच हसली. तो हसला नाही.

डिसेंबरात हौसा त्याला खांबच्या नाक्यावर भेटली. वालाच्या शेंगांची पाटी घेऊन ती रिक्षाची वाट पाहत होती. त्याला पाहून पाटी खाली ठेवून जवळ आली.

"दादा, येक इच्यारायचं होतं. माज्या हाताला काय औषद हाय का?"

"हाताला काय झालंय?"

"झालं काय नाय. पन रोग अजून हातात असंल तर? राणी पोराला घिऊन येतो म्हनतंय. पोराला घेतलं तर चालंल ना?"

महामार्गावरून ट्रक गेला आणि त्या आवाजाने त्याला तेवढा वेळ दिला. तेव्हाही सांगता आलं असतं. तो म्हणाला, "हा रोग मान्साला होत नाय गो. साबनानं धू, झालं." हौसाने मान हलवली आणि दोन्ही हात पदराला पुसले. ते हात पुसणं त्याला पेणपर्यंत दिसत राहिलं. त्यानंतर तो रोज हौसाला खरं सांगायचं ठरवायचा आणि रोज दुसऱ्या दिवसावर ढकलायचा.

जानेवारीत एका रविवारी नमिता लॅपटॉप आणि छापील रिपोर्ट घेऊन पेणला आली. जेवणं झाल्यावर तिने मामाला शेजारी बसवून घेतलं. तिला त्या नमुन्यांचं फार कौतुक होतं.

"मामा, हा नागिणीच्या कुळातला विषाणू आहे. आपल्याला कांजिण्या होऊन जातात, पण त्यांचा विषाणू नसांमध्ये दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन निघतो ना, तसलाच. कोंबड्यांचा वेगळा, पण चाल तीच. एकदा शिरला की जन्मभर आत." तिने पडद्यावर अक्षरांच्या ओळी दाखवल्या, चारच अक्षरं पुन्हा पुन्हा आलेली. "त्याचं सगळं बाड या चार अक्षरांत लिहिलेलं असतं. यातलं एक जनुक बाकीच्यांना जागं करतं. आणि ही तीन जनुकं त्याच्या कवचावरची प्रथिनं बनवतात, ज्यांच्या जोरावर तो नरड्याला चिकटतो. तुझ्या दोन्ही नमुन्यांतून मी ही चारही वाचून काढली."

"मग?"

"रानटी विषाणूत या पहिल्या जनुकात ही बारा अक्षरं असतात. तीन अक्षरांचा एक मणी, अशी प्रथिनाची माळ ओवली जाते. म्हणजे इथले चार मणी झाले. लशीच्या विषाणूत नेमके हे चार मणी नाहीत, अक्षरंच गळलेली आहेत." तिने बोट ठेवलं. "आणि हे बघ, तुझ्या वाडीतल्या कोंबडीत नाहीत. त्या कोंबड्यातही नाहीत. कवचाची जनुकंही लशीशी अक्षर न् अक्षर जुळतात. रोग बाहेरून आलाच नाही. ती लसच फिरता फिरता चवताळली. कोंबड्याला वाडीत आल्यावर लागण झाली. पण फॉर्मवर तू लस नाही असं लिहिलंयस, म्हणून माझं घोडं अडलंय. शेड ओढ्यापलीकडे आहे, तिथून वाऱ्याने आला म्हणायचं का?"

दत्तात्रेय त्या बारा अक्षरांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. पडद्यावर तिथे नुसत्या आडव्या रेघा होत्या. चार महिने त्याने मनाशी एक फट ठेवली होती, की कदाचित कोंबड्यानेच आणला असेल. ती फट बुजली. "वाऱ्यानं नाय आला," तो म्हणाला. "मी नेला." आणि त्याने अकरा थेंबांचं सांगितलं.

नमिता आधी रागावली. फॉर्मवर एक शब्द खोटा लिहिला तर आपलं वर्षभराचं काम खोटं पडतं, हे तिने मामाला चांगलं सुनावलं. तिने रकान्यातलं 'नाही' खोडलं आणि तिथे अकरा कोंबड्या, तारीख, सगळं लिहिलं. मग मामाचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला.

"पण मामा, तुला तेव्हा कुठे माहीत होतं? हे तर आता जनुकं वाचल्यावर कळलं. वाडीत सांगायचं असेल तर तसंच सांग, रिपोर्ट आल्यावर कळलं म्हणून. ते खरंच आहे."

भाचीने प्रेमाने पुढे केलेली पळवाट होती ती, आणि त्यावर छापील कागदाचा शिक्का होता. रात्री अंथरुणावर त्याने ते वाक्य मनातल्या मनात घोळून पाहिलं. चांगलं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो शेडाला न जाता सरळ वाडीत गेला. काळू कामावर गेला होता. हौसा पडवीत वाल सोलत बसली होती. तिने त्याला बसायला गोणपाट दिलं. त्याने बसून, खाली मान घालून, सगळं सांगितलं. भागीच्या अकरा कोंबड्या, निळं पाणी, भाचीची प्रयोगशाळा, गळलेली बारा अक्षरं. तुझा कोंबडा निर्दोष होता, तुझ्या हाताचा काहीच दोष नव्हता, सगळं माझ्यामुळे झालं, असं स्पष्ट म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "काल रिपोट आला, तवा कळलं."

हौसाच्या हातातली शेंग तशीच राहिली. भागीच्या भिंतीकडे तिने पाहिलं. मग म्हणाली, "चवदा मारल्या मी. तांबडी शेवटी मारली. ती अंड्यांवर होती, एकोनीसावा दीस. सा अंडी भागीची, सा माजी. कानाला लावलं तर आतून पिल्लं बोलत होती." तिने शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "तू माज्या पडवीतनं कुड बघून भायेर आलास, तवा मी दारात हुते. तुजं तोंड बघितलं मी. मला वाटलं, माज्या कोंबड्यांचं लई वाईट वाटलं दादाला." मग तिने वर पाहिलं. "दादा, खरं सांग. तवा तुला म्हायत होतं?"

रिपोर्ट त्याच्या खिशात होता, कालच्या तारखेचा. नाही म्हटलं असतं तर हौसाने मानलं असतं. तिला कोणाचंही मानायची सवय आहे, म्हणून तर तिने चौदा कोंबड्या मारल्या.

"व्हय," दत्तात्रेय म्हणाला. "म्हायत होतं. रगत बघितलं तवाच."

हौसाने सूप बाजूला सारलं आणि ती उठली. तिने आपल्याला मारावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने पायात चपला घातल्या.

"ऊठ. घरोघर जायाचं आनि सांगायचं. मी सांगनार नाय, तूच सांग."

"कंपनीला कळलं तर मला काढतील, हौसा." हे बोलल्याची त्याला बोलता बोलताच लाज वाटली.

"काढतील," हौसा म्हणाली आणि अंगणात उतरली.

पहिलं घर भागीचं. भागी ऐकता ऐकता मटकन खाली बसली आणि तिने हौसाकडे एकदाही वर पाहिलं नाही. दुसऱ्या घरी म्हातारी एकटी होती, तिला दोनदा सांगावं लागलं. तिसरं कृष्णाचं. तोच ओटा, कृष्णाच्या सुनेने तसाच चहा आणला आणि दत्तात्रेयाने तो घेतला नाही. तोवर सांगून सांगून त्याची जीभ थोडी सरावली होती. त्याने लशीचं सांगितलं, कोंबड्याचा दोष नव्हता ते सांगितलं, खिशातला कागद काढून कृष्णाच्या हातात दिला. "ह्यात सगळं लिवलंय," तो म्हणाला, आणि कृष्णा कागद उलटासुलटा करून पाहू लागला तसा उतरायला निघाला.

हौसा पायरीशी उभी होती, आणि ती बाजूला झाली नाही.

"कागदात नाय ते सांग," ती म्हणाली. "आदीपास्नं म्हायत होतं, ते."

दत्तात्रेय वळला आणि त्याने ते सांगितलं. अजून अठरा घरं होती.